गाणं आपलं, गाणारी कुणाची?

बेळगावात रसिकांना तोटा नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमानही थोडाथोडका नाही. पु. ल. देशपांड्यांच्या रावसाहेबांचं हे गाव. आर्ट सर्कलच्या मैफलींचं गाव. इथून जवळच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी शिवपुत्र कोमकली जन्मला आणि ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून भल्याभल्या गवयांची हुबेहूब नक्कल करता करता कुमार गंधर्व झाला, हे पाहुण्याला स्टेशनवरून घरी आणतानाच आम्ही सांगून टाकतो. म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर अजून बालगंधर्व निघतात. तरुणांच्या कट्ट्यावर ग्रीन डे निघतो.

हो, ग्रीन डे. टिळकवाडीत, उद्यमबागेत, कॉलेजांच्या फाटकाबाहेर गिटार मांडीवर घेऊन बसणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. पॉप पंक नावाचा प्रकार त्यांच्या जिवाचा. तीन-चार कॉर्ड, धावती लय, चिडलेल्या पोराचा आवाज आणि तरीही ओठावर बसणारी चाल. त्या अमेरिकन बँडची कुंडली या पोरांना तोंडपाठ आहे. बर्कलीच्या लुकआउट रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीनं त्यांचे पहिले दोन अल्बम काढले. मग बँड मोठ्या कंपनीकडे गेला. 1994 साली 'डूकी' आला आणि जगभर गाजला. बँड गेल्यावरही जुन्या अल्बमवर लुकआउट कमावत राहिली, पण कलावंतांची रॉयल्टी थकली. शेवटी 2005 साली ग्रीन डेनं आपले जुने अल्बम त्या कंपनीकडून काढून घेतले. कंपनीला तो घाव सोसला नाही. 2012 साली ती बंद झाली. हे सगळं आमची पोरं चहाचा कप गार होईपर्यंत सांगतात, जणू आपल्याच भावकीतल्या वाटणीचा खटला.

ऐकायला गोड वाटतं. आणखी एक गोष्ट ती सांगतात, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बर्कलीत गिलमन रस्त्यावर 924 नंबरला पोरांनीच चालवलेला एक क्लब आहे. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथं वाजवू द्यायचं नाही, असा त्यांचा दंडक. ग्रीन डे याच क्लबात वाढलेली पोरं. पण कागदावर सही केली आणि घरचे दरवाजे बंद झाले. 2015 सालापर्यंत त्यांना तिथं पुन्हा वाजवता आलं नाही. हा कडकपणा मला स्वतःला अतिरेकी वाटतो. पोटासाठी कुणी मोठ्या कंपनीकडे गेला म्हणून त्याला वाळीत टाकणं हा कसला न्याय? वाळीत टाकण्याचा आपल्या समाजाचा अनुभव पाहता मला तर त्या शब्दाचीच शिसारी आहे. पण एक मान्य करायला हवं. आपला गाणारा कुणाच्या कागदावर सही करतो, हा आपलाही प्रश्न आहे, असं त्या पोरांना वाटत होतं. ती चुकली असतील, पण ती त्या प्रश्नात होती.

आपण त्यात कुठं आहोत?

ग्रीन डेची कैफियत सांगून झालेल्या एका पोराला मी विचारलं, "गेल्या चैत्रात तुमच्या गावच्या जत्रेत गायला कोण होतं रे?" पोरगं चिकोडी तालुक्यातलं, हुशार, घरचं बरं. म्हणालं, "कोण की ओ. एक बाई हुत्या. भारी म्हणल्या."

एक बाई. सातासमुद्रापलीकडच्या बँडचा ढोलकीवाला कितवा, तो आधी कोणत्या बँडात होता, हे याला ठाऊक. आणि स्वतःच्या वेशीत रात्रभर गायलेल्या माणसाला नाव नाही. मी त्या पोराला दोष देत नाही. त्याला ते नाव कुणी सांगितलंच नव्हतं. बॅनरवर आमदारांचं नाव होतं, जिल्हा पंचायतीच्या माजी सदस्यांचं होतं, ज्यांनी डॉल्बी दिला त्यांचं होतं, वाढदिवस असलेल्या तीन तरुण तडफदार नेत्यांचे गॉगल लावलेले फोटो होते. कलाकारांच्या जागी छापलं होतं, 'भव्य ऑर्केस्ट्रा'.

निपाणीकडच्या एका गावात जत्रेचा हिशेब देवळाच्या पायऱ्यांवर वाचला जातो. गावकऱ्यांपुढे वही उघडतात. चांगली रीत आहे. मी बसून ऐकला. मंडप, रोषणाई, जनरेटरचं डिझेल, फटाके, डॉल्बी, पाहुण्यांचे फेटे-शाली-नारळ, पाहुण्यांचं जेवण, पाहुण्यांच्या ड्रायव्हरांचं जेवण. हे सगळं रोखीनं, त्याच दिवशी चुकतं झालेलं. अगदी शेवटी, इतर खर्चाच्या वर एक ओळ, 'कलाकार'. ठरलेल्या सुपारीतले काही हजार बाकी होते. का, तर पहाटे तीनला पार्टी निघताना खजिनदार झोपला होता म्हणे. विसार दिला होता तेवढ्यावर ती मंडळी गेली. त्यांच्या टेम्पोचं भाडंही त्यातच. एक म्हातारा म्हणाला, "देऊ की पुढल्या जत्रेला, कुठं पळून जातोय आपण?" सगळे हसले. वही मिटली. डॉल्बीवाल्याला असं कुणी म्हणालं असतं का? तो आधी पैसे घेतो आणि मगच वायर जोडतो.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, इथंच माझी तक्रार सुरू होते. ती माणसं वाईट नाहीत. वारकरी आहेत, माळकरी आहेत, गोठ्यातल्या म्हशीला वेळेवर पाणी पाजणारी आहेत. पण गाणाऱ्या बाईचे पैसे बुडवणं हे बुडवणं आहे, हेच त्यांच्या मनात येत नाही. का येत नाही?

कारण गाणाऱ्याला दाम देण्याची आपली रीत नव्हतीच. त्याला आपण 'खुशी' देत आलो. गोंधळी, वासुदेव, डोंबारी, तमासगीर, जोगती, हलगीवाला, सनईवाला. सगळ्यांना सुपातलं धान्य, जुनं लुगडं, उरलंसुरलं. ज्यांच्या वाट्याला गाणं-वाजवणं आलं, त्यांच्या वाट्याला जात म्हणून ते आलं, आणि जातीच्या कामाला मजुरी मागायची नसते, असं आपण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. कंपन्या नंतर आल्या. त्यांना आयतं रान मिळालं. नांगरून आपणच ठेवलं होतं.

बेळगावनं 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरवलं. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. त्याच्या शताब्दीला 2024 साली शहरभर रोषणाई झाली. त्या अधिवेशनात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत धारवाडची एक अकरा वर्षांची पोर होती. पुढं ती गंगूबाई हनगल झाली, पद्मविभूषण झाली. म्हातारपणी त्यांनी ती आठवण सांगितली आहे. गाताना त्यांच्या मनात गांधीजींच्या समोर उभं राहण्याची धास्ती नव्हती. आपली जात पाहून जेवणानंतर आपल्याला उष्टी काढायला तर सांगणार नाहीत ना, ही धास्ती होती.

शताब्दीच्या रोषणाईत ही आठवण कुणी मोठ्यानं वाचली असती तर बरं झालं असतं. आवाज हवा, पण त्या आवाजाच्या हातचं पाणी नको. ही सोय बेळगावनं, धारवाडनं, कोल्हापूरनं, पुण्यानं, सगळ्यांनी मिळून केली. देशभक्तीचं गाणंही तिला अपवाद नव्हतं.

आता यल्लम्माच्या डोंगराकडे या. सौंदत्तीला मार्गशीर्ष आणि माघी पुनवेला कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावपर्यंतच्या गावांतून माणूस लोटतो. चौंडकं आणि सुतीच्या तालावर जोगतिणी गातात. देवदासी सोडण्याची प्रथा कर्नाटकानं 1982 च्या कायद्यानं बंद केली. त्याआधीच गडहिंग्लज-निपाणी भागात या प्रथेविरुद्ध चळवळ उभी राहिली होती. पण ज्या बायांना आपण देवाच्या नावानं सोडलं, त्यांच्या गळ्यातली गाणी मात्र आपण कधी सोडली नाहीत. ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ती गाणी धंद्यात आली. माझ्याकडे तशा काही कॅसेटी आहेत. एकीचं कव्हर सांगतो. मध्ये देवी, हिरव्या साडीत, भंडारा उधळलेला. वर कंपनीचं चिन्ह, देवीच्या मुकुटाएवढं. खाली 'गीत : पारंपरिक'. त्याखाली 'संगीत' म्हणून कीबोर्ड वाजवणाऱ्या गृहस्थांचं नाव. आणि सर्वांत खाली, कागद दुमडतो त्या घडीवर, गाणारणीचं नुसतं पहिलं नाव 'आणि साथी'. आडनाव नाही, गाव नाही. कागद झिजला तो नेमका त्या घडीवर.

या 'पारंपरिक'चा हिशेब समजून घ्या. गाणं पारंपरिक म्हटलं की गीतकाराला पैसे द्यायला नकोत, कारण गीतकार म्हणजे सगळा समाज. चालही समाजाची. मग पैसे कुणाचे? ध्वनिमुद्रणाचा मालक जो, त्याचे, म्हणजे कंपनीचे. जोगतिणीनं आईकडून, आईनं तिच्या गुरूकडून, घोट घोट करून जपलेली गोष्ट. तिच्यात स्वतःच्या पदरचं घातलेलं कडवं, स्वतःची हरकत. ते सगळं एका दुपारी स्टुडिओत ओतून घेतलं आणि हातावर एकरकमी नोटा ठेवल्या. कागदावर अंगठा घेतला. कागदात काय आहे ते वाचून दाखवलं का? वाचून दाखवायचं असतं, असं कुणाला वाटलं का? पुढे कॅसेट गेली, मेमरी कार्ड आलं. बसस्टँडजवळच्या दुकानात वीस रुपयांत देवीची सगळी गाणी मोबाईलमध्ये भरून मिळू लागली. आता यूट्यूब आहे. साधन दर दहा वर्षांनी बदललं. बाईच्या हातात मात्र त्या दुपारच्या नोटांनंतर काहीच आलं नाही.

1902 सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजाननं ग्रामोफोनसाठी पहिली गाणी गायली, तेव्हा गाणं संपताना ती आपलं नाव स्वतः इंग्रजीत ठणकावून सांगे. कारण व्यावहारिक होतं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जात, तिथल्या कामगाराला लेबलवर काय छापायचं ते कळावं म्हणून. सव्वाशे वर्षांपूर्वी गाणाऱ्या बाईचं नाव हॅनोव्हरपर्यंत पोचत होतं. सौंदत्तीहून निपाणीपर्यंत ते आज पोचत नाही.

निपाणीच्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. या गावाला पिळवणूक पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. मांडीवर सूप घेऊन हजारांच्या हिशेबानं बिड्या वळणाऱ्या बाईला विचारा, छाट म्हणजे काय ते सांगेल. वळलेल्या बिड्यांतल्या काही 'खराब' ठरवून मोजणीतून काढायच्या, त्यांची मजुरी द्यायची नाही. पण त्या बिड्या फेकून दिल्याचं कुणी पाहिलेलं नाही. त्या कारखान्यातच राहतात. कॅसेट कंपनी म्हणे, 'माल परत आला, खप झाला नाही', तेव्हा तीही छाटच काढत होती. खप मोजणारा तोच आणि पैसे देणाराही तोच. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवला, गोळ्या खाल्ल्या, माणसं गेली. पिकवणाऱ्यानं भाव विचारायचा असतो हे निपाणीनं रक्त सांडून देशाला सांगितलं. त्याच्याही आधी, 1925 साली, निपाणीत बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती आणि बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते. अशा गावात गाणारीची सुपारी बुडते आणि देवळाच्या पायऱ्यांवर हशा पिकतो.

चोर्ला घाट उतरून गोव्यात जा. तिथंही हीच कथा, फक्त ट्रम्पेटच्या साथीनं. लॉर्ना कॉर्देरो आणि ख्रिस पेरी. कोकणी गाणं माहीत असलेल्या माणसाला या दोन नावांपुढे काही सांगावं लागत नाही. आपल्या कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांत ती गाणी आजही लग्नात वाजतात. साठच्या दशकात मुंबईच्या क्लबांत पेरींच्या बँडपुढे ही पोरगी उभी राहिली आणि 'बेब्दो', 'पिसो' अशा गाण्यांनी गोवा वेडा झाला. मग ती अचानक गप्प झाली. दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही, अशा करारात ती बांधलेली होती, असं गोव्यात सांगतात. दोन दशकांहून अधिक काळ तिचा आवाज बंद. 1995 साली 'हॅलो लॉर्ना' घेऊन ती परतली, तेव्हा लोटलेल्या गर्दीच्या कथा आजही रंगवून सांगतात. पुढं 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट त्या दोघांच्या आयुष्यावरून निघाला, पुरस्कार मिळाले, चाहत्यांनी डोळे पुसले.

मी त्या डोळे पुसणाऱ्या चाहत्यांना एकच विचारतो. ती वीस वर्षं तुम्ही कुठं होता? तिच्या तबकड्या लावून नाचत होता. तिच्या तरुणपणाच्या आवाजावर तुमची लग्नं झाली, बारशी झाली. बाई गात का नाही, तिला कुणी अडवलंय, तो कागद कुणी एकदा वकिलाला दाखवा, असं किती जणांनी म्हटलं? आठवणी काढणं सोपं असतं, कारण आठवणीला बिल येत नाही. याच गोव्यात रेमो फर्नांडिसला कंपन्यांनी दारात उभं केलं नाही, तेव्हा त्यानं 1984 साली शिवोलीच्या घरात स्वतः अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या. शिकलेला, इंग्रजी बोलणारा, आर्किटेक्ट माणूस. त्याला ते साधलं. सौंदत्तीच्या जोगतिणीनं कुठली स्कूटर काढायची?

पण आपला मोठा गुन्हा कंपनीच्या गुन्ह्यापेक्षा वेगळा आहे. पैशाचं बोलणाऱ्या कलावंताला आपण कमी लेखतो. 'कला ही साधना आहे, तिथं व्यवहार आणू नये' हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांतले बहुतेक जण महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे होते. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी हवी म्हणून आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत पडलं, एकदा मोबदला घेतला की हक्क संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. या वादात लोकांची माया कुणाकडे गेली? रफीसाहेब किती साधे, किती संत माणूस, हे आपण आजही सांगतो. लताबाई हिशेबी होत्या, हेही सांगतो. त्या हिशेबी होत्या म्हणून चूक नव्हत्या. त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्यांनी पुढच्यांच्या हक्कासाठी वापरलं, हे म्हणायला मात्र जीभ वळत नाही.

उलट बालगंधर्वांचं पाहा. त्यांच्या कर्जाचंसुद्धा आम्ही कौतुक करतो! अस्सल शालू, अत्तरं, पंगती, आणि डोक्यावर लाखाच्या घरातलं कर्ज. 1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी, बोलपटांच्या लाटेत झालेली तिची वाताहत, 1935 च्या 'धर्मात्मा'चा प्रयोग, शेवटची ती परावलंबी, आजारी वर्षं. 1964 साली पद्मभूषण आणि 1967 साली पुण्यात मृत्यू. या सगळ्यातून आम्ही काय शिकलो? 'राजा माणूस' हे शिकलो. नाटकमंडळीचा हिशेब कुणी नीट ठेवला असता तर तो राजा शेवटी असा राहिला नसता, हा विचार आम्हाला क्षुद्र वाटतो. कलावंत उधळा असावा, दरिद्री व्हावा आणि आपण त्याच्या दारिद्र्यावर हळहळावं, अशी ही रसिकता. त्याचं दारिद्र्य आपल्या आठवणींना रंग चढवतं. तो दोन खोल्यांचं घर बांधून, पेन्शन घेऊन, नातवंडांत मेला, तर आपल्याला सांगायला काय उरेल?

सीमाभागाचा हिशेब तर आणखी कडू आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण कर्नाटकात गेलो. तेव्हापासून दर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. भाषणात 865 गावं हा आकडा आपल्याला पाठ आहे. आणि लढ्याचं गाणं म्हणून आपण कुणाला पुढं करतो? अण्णा भाऊ साठ्यांना. त्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत बेळगाव-कारवार महाराष्ट्राबाहेर राहिल्याची कळ आहे, म्हणून ती छक्कड आपली. तो शाहीर 18 जुलै 1969 रोजी मुंबईत, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, हलाखीत गेला. 1985 साली त्यांच्या नावानं महामंडळ निघालं. 2022 साली मॉस्कोत पुतळा बसला. महाराष्ट्रानं पुतळा मॉस्कोत बसवला याचा आनंदच आहे. पण आपण, मराठीच्या नावानं घसा कोरडा करणारे, त्यांची छक्कड मिरवणुकीत वाजवताना आजच्या एका शाहिराला तरी ठरलेले पैसे वेळेवर दिले आहेत का? मराठी पाटी उतरवली की आपण रस्त्यावर येतो, आणि यायलाच हवं. मराठी गाणारीचे पैसे बुडवले की कोण येतं? बुडवणारा आपलाच असतो, म्हणून कुणी येत नाही. बरं, ही तक्रार नुसती मराठीचीही नाही. श्रीकृष्ण पारिजात करणारा कन्नड कलावंत आणि भेदिक म्हणणारा मराठी शाहीर, दोघं एकाच जत्रेत एकाच खजिनदाराकडून फसतात. सीमेचा वाद तेवढ्यापुरता मिटलेला असतो.

कायदा नाही, ही सबब चालायची नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क आला. तिथं कलावंत म्हणजे कोण, हे वाचण्यासारखं आहे. गायक, वादक, नर्तक तर आहेतच. डोंबारी, जादूगार, गारुडीसुद्धा आहेत. संसदेनं ज्यांना कलावंत म्हटलं त्यांना आपल्या गावानं अजून म्हटलेलं नाही. 2012 साली पुढची दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येणार नाही, असं ठरलं. सादर केलेल्या कलेचा धंद्यासाठी वापर झाला तर कलावंतालाही रॉयल्टी देणं आलं. म्हणजे 'गीत : पारंपरिक' लिहून कंपनी गीतकाराला उडवू शकेल, पण गाणाऱ्या बाईला नाही. गायकांची संघटना 2013 साली निघाली. या सगळ्याचा फायदा मुंबईत पार्श्वगायन करणाऱ्यांना झाला असेल. चिकोडीत, खानापुरात, हुक्केरीत किती कलावंतांना हा कायदा माहीत आहे? आणि ज्यांना माहीत आहे, ते आपण वकील, प्राध्यापक, पत्रकार. आपण कुणाला सांगितला? फ्लोरिडाच्या 'अ डे टू रिमेंबर' या पॉप पंक बँडानं 2011 साली आपल्या कंपनीवर दावा लावला आणि 2016 साली ज्यूरीनं त्यांना 40 लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. आमच्या पोरांना तेही ठाऊक आहे. लढायला वकील, वेळ आणि पाच वर्षं पोट भरण्याची सोय लागते. जोगतिणीकडे यातलं काही नाही. तिच्याकडे तुम्ही आहात, म्हणजे असायला हवे होतात.

म्हणून बेळगाव-निपाणीच्या रसिकांना, आणि विशेषतः त्या गिटारवाल्या पोरांना, माझं सांगणं आहे. तुम्हाला करार वाचता येतात. ग्रीन डेचा वाचलात, तसा आपल्या गावच्या गाणारणीचाही वाचा. तिच्याकडे जा, ट्रंकेच्या तळाशी तो घडीचा कागद असेल. त्याचा फोटो काढा, वकिलाला दाखवा, यूट्यूबवर तिचं गाणं कुणाच्या नावानं चाललंय ते बघा. आणि येत्या चैत्रात जत्रा कमिटीच्या पहिल्या बैठकीला तुम्ही हजर राहा. तिथं अजून म्हातारेच बोलतात आणि तुम्ही पताका लावायला जाता. डॉल्बीचा विषय निघण्याआधी कलाकाराचा विषय काढा. सुपारी कागदावर लिहून घ्या, अर्धे पैसे विसार म्हणून, उरलेले पहिल्या गण-गवळणीआधी. कार्यक्रमाचं चित्रीकरण करून कुणी चॅनेलवर टाकणार असेल तर त्याचे पैसे वेगळे, आणि तेही कागदावर. बॅनरवर गॉगलवाल्यांचे फोटो हवेत तर असू द्यात. पण त्यांच्या वर, त्यांच्यापेक्षा मोठ्या अक्षरात, गाणाऱ्या बाईचं नाव आडनावासकट आणि गावासकट छापा. खजिनदार झोपला असेल तर त्याला उठवा.